तीन गावांची पेटी आणि ‘ग’

ज्वारीचं जमिनीतलं पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. तोंडावरचा दगड काढायचा, कोंडलेली वाफ जाऊ द्यायची, मग माणूस सोडायचा. आमच्या वाचनालयाच्या किश्श्यांचं तसंच झालंय बघा. इतकी वर्षं तोंड बंद होतं आणि आत एकावर एक साठत गेले. आता वाफ गेली असावी, म्हणून थोडे वर काढतो. कुणी गुदमरलं तर माझी जबाबदारी नाही!

मी तेव्हा धाराशिवात शाळामास्तर. सरकारी कागदावर गाव उस्मानाबाद, राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू. मराठी पुस्तक मिळायची मारामार. धान्याच्या अडतीवरच्या माडीत आमचं वाचनालय होतं. कपाटं दोन, खुर्च्या तीन, अध्यक्ष एक. अध्यक्ष म्हणजे आमचे वकीलसाहेब. देवावर विश्वास नाही, भुतावर नाही, आणि अशिलावर तर बिलकूल नाही! माझं अक्षर बरं म्हणून मला ग्रंथपाल केलेलं.

एकट्या गावाच्यानं पुस्तकं जमेनात, तेव्हा वकीलसाहेबांनीच तोड काढली. आम्ही, बार्शी आणि सोलापूर अशा तीन गावच्या वाचनालयांनी मिळून एक पत्र्याची पेटी करायची. आत चाळीस पुस्तकं. महिनाभर एका गावात, मग पुढच्या गावाला. बार्शी-सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, आम्ही निजामाच्या, तरी पेटी फिरायची. एकच रिवाज ठेवला होता. पुस्तक वाचून संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर ‘वाचलं’ लिहायचं, खाली नाव आणि गाव.

वकीलसाहेब म्हणायचे, “मुलूख वेगळा असला म्हणून काय झालं? माणसं शेवटच्या पानावर तर भेटतील!”

भेटली की. नको तितकी भेटली!

*

बार्शीच्या वाटेवर निजामाचा करोडगिरी नाका होता. येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची तिथं झडती व्हायची. नाक्यावर हाफिजमियाँ नावाचे कारकून. माणूस भला, पण कायद्याला पक्का. पेटी उघडून बघणार, काट्याला लावून वजन लिहिणार, मगच सोडणार.

एकदा पेटी बार्शीला गेली आणि सोलापूर करून दोन महिन्यांनी त्याच वाटेनं परत आली; मी नाक्यावर घ्यायला गेलो होतो. हाफिजमियाँनी काट्याला लावली, कागद बघितला, चष्मा पुसून परत बघितला.

“क्या मास्तर, पढने के बाद किताबां भारी हो जाते क्या?”

पुस्तकं मोजली. तीच चाळीस. पेटी उलटी करून झटकली, आत काहीच नाही. तरी एका माणसाच्यानं सहज उचलली जायची ती पेटी, तिला त्या दिवशी दोन माणसं लागली. मी म्हणालो, “ज्ञान वाढलं असेल, मियाँ!”

हाफिजमियाँ हसले नाहीत. नुसती मान हलवून म्हणाले, “ज्ञान पे महसूल नहीं है. ले जाव.”

*

त्याच खेपेला मला पहिल्यांदा ‘ग’ दिसला.

एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर सगळ्यांच्या सह्यांखाली बारीक अक्षरात होतं, ‘वाचलं. ग.’ गाव नाही, पुरं नाव नाही. त्या ‘ग’च्या कान्याला खाली एक छोटीशी गाठ मारलेली, शेंडीला मारतात तशी. मला वाटलं, असेल कुणी बार्शीचा आळशी!

पुढच्या फेरीला ‘ग’ सात पुस्तकांवर. त्याच्या पुढच्या फेरीला वीस. मग माझ्याच्यानं राहवेना. मी बार्शीला चिठ्ठी लिहिली, ‘तुमच्या ग यांचं वाचन दांडगं आहे, आमच्यातर्फे त्यांचा सत्कार करावा.’

बार्शीचं उत्तर आलं, ‘ग आमचे नव्हेत. आम्ही तर सोलापूरच्या ग यांच्या नावानं नारळ ठेवलाय!’

सोलापूरला विचारलं. ते म्हणाले, ‘गेल्या सभेत आम्ही धाराशिवच्या ग यांच्या अभिनंदनाचा ठराव पास केला. टाळ्या वाजवून!’

म्हणजे वर्षभर तिन्ही गावं एकमेकांच्या ‘ग’चं कौतुक करत होती, आणि ‘ग’ कुणाचाच नव्हता.

*

वकीलसाहेबांना हे काही झेपेना. म्हणाले, “हा चावटपणा आहे. पुराव्यानिशी धरतो बघा!”

त्या काळी नव्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच यायची. चाकूनं फाडल्याशिवाय वाचता येत नसत. वकीलसाहेबांनी असं एक कोरं करकरीत पुस्तक घेतलं, फडक्यात गुंडाळलं, सुतळी बांधली आणि गाठीवर लाख ओतून आपल्या अंगठीचा शिक्का मारला. दोन्ही गावांना बजावलं, ‘हे कुणी उघडायचं नाही.’ आणि ठेवून दिलं पेटीत.

दोन महिन्यांनी पेटी फिरून आली. भर दुपारी माडीवर आम्ही दोघंच. वकीलसाहेबांनी लाख भिंगाखाली धरली. शिक्का शाबूत, सुतळी तीच. फडकं सोडलं. एक पान फाडलेलं नाही.

शेवटचं पान उलटलं. तिथं होतं, ‘वाचलं. अकराव्या पानावर एक ओळ दोनदा छापलीय. ग.’

मी चाकू आणला. अकरावं पान फाडून उघडलं. ओळ दोनदा होती.

वकीलसाहेबांनी लाख परत भिंगाखाली धरली. मग घसा खाकरून म्हणाले, “शिक्का शाबूत आहे. म्हणजे कायद्यानं हे पुस्तक कुणीही वाचलेलं नाही!”

पण त्या दिवसापासून ते कपाटाकडं पाठ करून कधी बसले नाहीत.

*

मग दिवस फिरले. निजामाचं राज्य जायच्या बेतात आलं आणि सगळीकडं लूटमार, जाळपोळ सुरू झाली. वाटा बिनभरवशाच्या झाल्या. लोक पोरंबाळं घेऊन सोलापूर-बार्शीकडं सरकायला लागले. आणि अशात एक दिवस अणदूरचे गुरुपादप्पा माडी चढून आले.

लिंगायत व्यापारी. खालच्या अडतीत त्यांची ज्वारी यायची, म्हणून तोंडओळख होती. कपाळाला विभूती, बोलणं अर्धं कानडी वळणाचं. काखेत लाल फडक्यात बांधलेलं एक बाड.

“मास्तर, हे माझ्या लेकीच्या हातचं हाय. गौराच्या. तिची आई जात्यावर गायची त्या ओव्या, आन् पोरीनं सोता केलेल्या. सोळाव्या वर्षी तापात गेली. धा वर्सं झाली.”

“मग काय करायचं म्हणता, मालक?”

“नक्कल करा. तीन करा. तिन्ही गावांत एकेक ठिवा. येक गाव जळंल, दोन जळतील. तिन्ही काय एका टायमाला जळत न्हाईत!”

वकीलसाहेबांनी मला खूण केली. आम्हाला त्यांच्या ओव्यांपेक्षा त्यांचीच काळजी होती. अणदुरात ते एकटे, घर मोठं, डोळ्यात भरणारं. वकीलसाहेब म्हणाले, “बाडाचं करू हो. पण तुम्ही सोलापूरला जा आधी. पुतण्या बोलावतोय ना?”

म्हातारा एकदम ताठ झाला. “गौराला मळ्यात माती दिलीया. तिला सोडून म्या कुठं जाऊ? मेलो तर तिथंच मरंन.”

मग जरा वेळानं आपणहूनच बोलायला लागले. “लई वाचायचं वेड हुतं पोरीला. घरात पुस्तक एकच. तेच धा-धा डाव वाचायची. ‘अप्पा, दुसरं पुस्तक आणा की’ म्हणायची. मी आणतो आणतो म्हणलो. न्हाय आणलं बघा. ज्वारीच्या गाड्या आणल्या, गूळ आणला, पुस्तक न्हाय आणलं.”

आणि हा एवढा मोठा माणूस धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडला. मलाही आवरेना. काहीतरी करायचं म्हणून मी बाड उघडलं.

पहिल्याच पानावर नाव होतं, गौरा. त्यातल्या ‘ग’च्या कान्याला खाली एक छोटीशी गाठ.

मी वकीलसाहेबांकडं पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं. म्हाताऱ्याला आम्ही दोघांनी एक शब्द सांगितला नाही.

*

धाराशिवची नक्कल मी केली. वकीलसाहेबांचा हुकूम होता, “नक्कल म्हणजे नक्कल. एक काना वाढवायचा नाही!” शेवटची ओवी अर्धीच होती. एक ओळ, पुढं कोरं पान. बहुधा तिथंच पोरगी आजारी पडली असावी. मीही एकच ओळ उतरवली आणि खाली जागा सोडली. हे मी देवाशपथ सांगतो.

मग बाड पेटीत घालून बार्शीला निघालं. गाडीवान एकटा, मी सायकलवर मागं. नाक्यावर नवा हुकूम आलेला, हातानं लिहिलेला मराठी कागद सोडायचा नाही. हाफिजमियाँनी बाड हातात घेतलं. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं.

“क्या लिखा है? सच बोलो.”

मी एक ओवी वाचून दाखवली, अर्थ सांगितला. आई दळताना लेकीला म्हणते, तू सासरी गेल्यावर माझं जातं जड होईल. हाफिजमियाँ ऐकत राहिले. त्यांची लेक त्याच वर्षी बीदरला नांदायला गेली होती. त्यांनी बाड पेटीत ठेवलं आणि पावतीवर आपल्या हातानं लिहिलं, ‘घरगुती सामान.’

मी आभार मानायला लागलो तर हात वर करून म्हणाले, “शुक्रिया नक्को. पर उस लडकी को धूप में कायकू बिठाए?”

“कुठली लडकी?”

“वही. पेटी पे बैठी है सो.”

गाडीवानानं मागं वळून पाहिलं. मीही पाहिलं. ऊन होतं, पेटी होती. पेटीवर कुणी नव्हतं.

गाडीवानानं आपलं उपरणं काढून पेटीवर टाकलं आणि बार्शीपर्यंत मागं बघितलं नाही.

*

पुढं बार्शी झाली, सोलापूर झालं, आणि पेटी दोन नकला आणि मूळ बाड घेऊन परत आली. रुजुवात घ्यायची म्हणून गुरुपादप्पांना निरोप धाडला. शनिवारी सकाळी ते आले. मी तिन्ही नकला पुढ्यात उघड्या ठेवल्या. वकीलसाहेब मूळ बाड मोठ्यानं वाचणार आणि मी नकला ताडून बघणार.

सगळं जुळत गेलं. शेवटची ओवी आली. वकीलसाहेबांनी वाचलं,

“बाप माझा उंबऱ्यात, लेकीसाठी खोळंबला...” आणि थांबले. “संपलं. पुढं कोरं आहे.”

“नाही,” मी म्हणालो. “इथं कोरं नाही.”

बार्शीच्या नकलेत दुसरी ओळ होती. सोलापूरच्या नकलेत होती. माझ्या नकलेत, माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत होती. तिन्ही ठिकाणी एकच ओळ. मी वाचली,

“उठा अप्पा, व्हा पुढं, बैल गाडीला जुंपला.”

वकीलसाहेब खेकसले, “मास्तर, यमक जुळवलंत! तुम्ही तिन्ही गावांनी संगनमत केलंय!” पुढं दोन्ही गावांना विचारलं, तर दोन्हीकडून एकच उत्तर आलं, ‘होतं तसं उतरवलं.’

पण गुरुपादप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. “हे तुमाला कुणी सांगितलं? तीन दिस म्या तिच्या उशाशी बसून हुतो. शेवटाला डोळं उघडली आन् म्हणली, ‘उठा अप्पा, व्हा पुढं.’ तापात बरळती म्हणून म्या उठलो न्हाय. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, मास्तर. कुणीच नव्हतं!”

ते उठून खिडकीपाशी गेले. खाली अडतीच्या दारात सोलापूरला जाणारी गाडी होती. गाडीवान नुकताच बैल जुंपत होता.

म्हातारा जिन्याकडं वळला. मी बाड पुढं केलं. “ठिवा तुमच्याजवळ,” म्हणाले. “जाता जाता वाट वाकडी करून अणदूरला जातो. पोरीपुढं डोकं टेकतो आन् तसाच सोलापूरला निघतो.” बाड मी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली वकीलसाहेबांनी जानव्याला बांधली.

बुधवारी बातमी आली. अणदुरात गुरुपादप्पांच्या आळीला आग लागली. कुणी लावली ते आजतागायत कळलं नाही. त्यांच्या घराचा उंबरा तेवढा राहिला. म्हातारा निघाला होता, की लेकीच्या मातीपाशी बसून राहिला होता, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वाटा बंद, टपाल बंद. मी शाळेत फळ्याकडं तोंड करून डोळे पुसायचो. माझ्या मनात एकच, आपण त्याला एकट्याला का सोडलं?

शुक्रवारी वकीलसाहेब आपणहून म्हणाले, “मास्तर, ते बाड काढा जरा.”

त्यांनीच कुलूप उघडलं. मी शेवटचं पान उलटलं. अर्धी ओवी अर्धीच होती. त्याच्या खाली, जिथं आम्ही तिन्ही गावचे लोक ‘वाचलं’ लिहायचो तिथं, बारीक अक्षरात ओली शाई होती.

‘अप्पा पोचले. ग.’

वकीलसाहेबांनी बाड मिटलं, कपाळाला लावलं आणि जागेवर ठेवलं. त्यांना काहीही कपाळाला लावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

गुरुपादप्पा सुखरूप असल्याचं सोलापूरचं पत्र त्यानंतर आठ दिवसांनी आलं.