पत्ता नसलेला दगड

थांबा, जेवण नंतर, हे आधी टाइप करते. माझा प्रोजेक्ट बुडता बुडता वाचलाय.

मी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा विषय होता, लाव्हाच्या दगडांवरून चंद्राच्या पोटात काय काय घडलं ते कसं कळतं. आता चंद्राचा दगड मला कोण देणार? म्हणून तुलनेला आपल्या इथलाच घ्यायचा ठरवला. घराजवळच्या सिल्व्हर पार्कहून बस पकडून उत्तनजवळच्या डोंगरीला गेले, एका घराच्या दगडी कुंपणात मस्त काळा दगड दिसला, हातोडीने तुकडा काढला आणि लेबल लावून टाकलं: 'डोंगरी'. कॉलेजात काचेवर घासून त्याची कागदासारखी पातळ चकती पण केली.

काल प्रोजेक्टच्या मॅडमनी ती मायक्रोस्कोपखाली बघितली.

"हा डोंगरीचा? तिथल्या टेकडीचा खडक फिकट आहे. जागेवरचा काढलास की सुटा उचललास?"

कुंपणातला, म्हणजे सुटाच. सुटा दगड मुळात कुठला ते सांगता येत नाही, म्हणून तो उचलायचा नाही, हे आमच्याकडून पहिल्या वर्षापासून घोकून घेतात.

"उद्या प्रेझेंटेशन आहे. हा कुठला ते सांग, नाहीतर पुढच्या सेमिस्टरला भेटू."

तशीच रिक्षा करून डोंगरी. कुंपणाच्या घरातल्या आँटी अंगणात सुके बोंबील निवडत होत्या. सगळं सांगितलं.

"म्हंजे दगड तू फोडलास? आनि आता त्याचा पत्ता पन मीच देऊ?" आँटी हसल्या. "तो इथला न्हाय. माझा सासरा होडीतून घेऊन आला. होडी रिकामी असली का डुलते, मंग बुडाला दगड भरतात."

"कुठून आणला?"

"ते त्यालाच माहीत. तो तर गेला वर."

संपलं, असं म्हणत बसमध्ये बसले. आणि उत्तनचा नाका यायच्या आत डोक्यात आलं, अरे, उल्का आदळल्यावर चंद्रावरून उडून पृथ्वीवर पडलेले दगड आहेतच की. ते चंद्रावर नेमके कुठले, हे कुणालाच धड सांगता येत नाही. तरी ते बोलतात, मग माझा बिनपत्त्याचा दगड का नाही बोलणार? मोठे स्फटिक म्हणजे खाली सावकाश थंड झालेले, बारीक म्हणजे वर येऊन पटकन गोठलेले. आत कुठली खनिजं आहेत त्यावरून कळतं, साधारण किती खोल आणि काय वितळलं होतं. असंच जोडत जोडत कळलं की चंद्र एकेकाळी वरून खोलवर वितळलेला होता. हलकं वर तरंगलं, त्याचं कवच झालं, जड खाली बसलं. नंतर आतलं पुन्हा वितळून वर आलं, तेच आपल्याला दिसणारे काळे डाग.

आज लेबलवरचं 'डोंगरी' खोडून 'ठिकाण माहीत नाही' लिहिलं आणि सगळ्यांसमोर आधी माझी चूकच सांगितली. मग त्या चकतीतले मोठे-बारीक स्फटिक दाखवून बोलत सुटले, वीस मिनिटं.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "आता लेबल खरं आहे. पास. पण टेकडीवरचा तुकडा रविवारी आणायचा, जागेवरचा."

आणणार. आँटींसाठी केक पण नेणार.

तुमचं झालंय का असं कधी, की जी चूक निस्तरायला धावलात, तीच सांगितल्यावर काम झालं?