ते काय औषध हाय का?

अकोल्यात डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर काढून द्यायला बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच रांगेत येऊन बसतात. आमच्याकडचे बरेचसे एकाच प्रश्नातून निघतात. आमची सिस्टर शोभाताई प्रत्येक पेशंटला विचारते, "काही औषध चालू हाय का?" उत्तर ठरलेलं, "काईच नाई!"

एकदा एक काकू आल्या. घामाने डबडबलेल्या, हातपाय थरथरत. शुगर पार खाली! शुगरची गोळी तर रोजचीच होती. मग पोरगी बोलली, "आई गुळवेलीचा काढा बी घेऊन राहिली ना." डॉक्टर चिडले, "कावून नाही सांगितलं?" काकू साखर चघळत म्हणाल्या, "ते काय औषध हाय का? वेल हाय ते!"

सगळेच तसे नसतात. अंजनगावचे सलीमभाई केळीचे व्यापारी. तापानंतर वैद्यांना विचारून त्यांनी थोडे दिवस गुळवेल घेतली. वैद्य म्हणाले बस, तर बस. "भूक लागून राहिली डॉक्टरसाब, ताकत आली!" डॉक्टर म्हणाले, "गुणाची आहे ती वेल. विचारून घेतली, विचारून थांबवली, हे बरं केलं."

हे ऐकून शोभाताईची कॉलर टाईट! तिच्या अंगणातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली. पिशवी भरून काड्या आणायची आणि स्टाफला, पेशंटला, ज्याला त्याला वाटायची. स्वतः रोज थर्मास भरून काढा प्यायची, महिनोन् महिने.

मग ती थकायला लागली. अंगाला खाज सुटायची. एक दिवस डोळे पिवळे दिसले. मी गमतीने म्हटलं, "ताई, हळदीले जाऊन आल्या का?" डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, लिव्हरला चांगलीच सूज. डॉक्टरांनी विचारलं, "शोभा, काही घेतेस का?"

"काईच नाई, सर."

थर्मास समोर टेबलावर! मी बोट दाखवलं, तेव्हा कुठे तिचा चेहरा उतरला.

काढा बंद झाला, तिला ॲडमिट केलं. त्या दिवसांत तिच्या मुलीचा फोन आला की उचलायची भीती वाटायची. देवाची कृपा, हळूहळू रिपोर्ट सुधारले आणि शोभाताई पुन्हा कामावर आली. आता तिचा प्रश्नही बदलला.

परवा एक आजोबा आले, आमचे जुने पेशंट. डोळे पिवळे! शोभाताई जागची उठली. "आजोबा, सकाळी काढाबिढा पेता का?"

आजोबा खूश झाले. "पेतो ना, रोज! तुमीच तं देली होती काडी, बाई. म्या अंगणात लावली. आता पुरा मोहल्ला पेते!"