विजेच्या कुकरचं बूड

मेकॅनिकला घरी बोलवा, हा हट्ट केसरबाईंचाच होता.

पांढुर्ण्याच्या त्या घरातला विजेचा कुकर दोन महिन्यांत दोनदा तापून बंद पडला. भात खालून कोळसा व्हायचा. सून तृप्ती शाळेत शिकवते, मुलगा प्रफुल्ल बोरगावच्या कारखान्यात जातो. दुपारचा भात चौऱ्याहत्तर वर्षांच्या केसरबाईच लावतात. त्यामुळे दोष कोणाचा, हे आधीच ठरलं होतं.

"आई विसरून राहिल्या. पानीच टाकत नाही," असं तृप्तीचं म्हणणं. आणखी एकदा जळलं की म्हातारीचं स्वयंपाकघर बंद, असं नवरा-बायकोनं त्यांना ऐकवलं होतं. गावी, सावरगावात, दोनशे माणसांचा भात एकटीनं रांधलेली ही बाई. त्या म्हणाल्या, "कुकरच खराब आहे. गजेंद्रले बोलवा, तो सांगन."

गजेंद्रनं दोन्ही वेळा दुकानात पार्ट बदलून दिला होता. प्रफुल्ल फक्त कुकर न्यायचा, आतलं भांडं घरीच राहायचं.

रविवारी गजेंद्र आला. प्लेट, वायर, बटन तपासलं. "कुकर तं बरोबर आहे. भांडं दाखवा."

केसरबाईंनी भांडं आणून दिलं. त्यानं ते उलटं केलं. बुडाला राखेचा जाड, वाळका थर होता.

"हे कोनं लावलं?"

"मीनं. काळं नाही पडत मंग भांडं."

चुलीवर चढवायच्या भांड्याला राख कालवून लावायची, म्हणजे काजळी धरत नाही. अठ्ठावन्न वर्षं त्या हेच करत आल्या. कुकर सुनेच्या माहेरून आलेला, म्हणून त्याच्या भांड्याला थर जरा जाडच दिला होता.

"अवो आजी, लाइटवर कुठची काजळी? यानं भांडं प्लेटले टेकत नाही, भात झाला तरी बटन पडत नाही, अन् प्लेट तापत राह्यते. घासून टाका, झालं."

तृप्तीनं बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. "डिंपल, ऐक ना! आमच्या सासूबाईनं लाइटच्या कुकरले राख फासली!"

"पूजा करून राहिल्या का कुकरची?" डिंपलचं हसू बराच वेळ खोलीभर वाजत राहिलं. गजेंद्रही हसला.

"पानी तं टाकत होती ना मी?" केसरबाईंनी मुलाला विचारलं. प्रफुल्ल स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बघत होता. "आता नाही लावत राख. एकडाव सांगतलं, समजलं मले."

"आज राख लावली, उद्या काय लावान?" तृप्ती म्हणाली.

प्रफुल्लनं गजेंद्रला विचारलं, "ड्रिल आहे का जवळ?"

होतं. स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून, साडेसहा फुटांवर कडी बसली. केसरबाईंची उंची चार फूट आठ इंच. कामाला दहा मिनिटं लागली. ड्रिलची वायर मधे येऊ नये म्हणून केसरबाईंनीच धरली, कारण गजेंद्रनं ती त्यांच्या हातात दिली होती.

सोमवारी साडेनऊला शाळेत निघताना तृप्तीनं कडी लावली. सासूचा डबा अन् पाण्याचा तांब्या ओसरीत ठेवला. घासलेल्या भांड्यात भात मोकळा झाला होता.