पुठ्ठीचं पोट

बाइंडर मुळातच कमी बोलणारा. बायको होती तोवर ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेली आणि घरावर कुणी झाकण ठेवल्यासारखं झालं. मुलगी दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर पेशंटांचे नंबर पुकारायची, घरी आल्यावर तिच्याही जिभेला कुलूप. बाप-लेक एकमेकांना वाढायची, जेवायची, भांडी पालथी घालायची. झालं.

अशात एकदा बाइंडर भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात बांधून दिलेली पावतीपुस्तकं पोचवायला गेला आणि येताना कुत्री घेऊन आला.

"बाबा, पैशांच्या बदल्यात हे दिलं का त्यांनी?" मुलगी दारातच म्हणाली.

"आपणहून आली गं ती. माझी बोटं चाटली. एकूण एक. तिथल्या बाई म्हणाल्या, काका, हिनं माणूस ओळखलं."

कुत्रीचा रंग अगदी जुन्या पुठ्ठ्यासारखा, आणि कडाही तशाच झिजलेल्या. एक कान फाटका, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. नाव पडलं पुठ्ठी. त्या संध्याकाळी बाइंडर तिच्याशी इतकं बोलला, की मुलगी स्वयंपाकघरातून दोनदा बाहेर डोकावून गेली.

पुठ्ठीचं पोट लगेचच सुटलं. निवाऱ्यातल्या बाईंनी सांगून ठेवलंच होतं, उकिरड्यावर वाढलेलं पोट आहे, रुळायला वेळ लागेल. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जंताचं औषध दिलं, मऊ भात सांगितला, थोडा थोडा, पण दिवसातून चार वेळा. "दुसरं काही खाते का?" त्यांनी विचारलं. "काही नाही," बाइंडर म्हणाला. चार दिवस बरे गेले की पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मुलगी कामावर जायच्या आधी नाक दाबून फरशी पुसायची.

बाइंडरच्या आईचं एक शास्त्र होतं: पोट बिघडलं की चूल बंद. तिनं पोरं अशीच वाढवली, आणि जगली तेवढ्यांना ते शास्त्र पटलं. त्यामुळे चार वेळचा भात दोन वेळचा झाला आणि पुढे एक मूठ. पुठ्ठी ताटली चाटत चाटत भिंतीपर्यंत ढकलत न्यायची.

"ताटलीच खाईल आता ती," मुलगी म्हणाली.

"घातलं की वाहतं. दिसतंय ना तुला?"

"मला तर फक्त वाहिलेलंच दिसतं, बाबा. मीच पुसते."

त्यातच कामाला ग्रहण लागलं. बाइंडर सकाळी पुस्तकं शिवायचा, पाठीला खळ लावून कापडाची पट्टी चिकटवायचा आणि जेवणानंतर आडवा व्हायचा. उठून बघावं, तर पट्ट्या उचकटलेल्या, पाठी कोरड्या ठणठणीत, खळीचा मागमूस नाही. शाळेनं एक गठ्ठा परत पाठवला. बाइंडरनं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. म्हातारे झाले, त्याला वाटलं. मग वाटलं, छे, झुरळं माजलीत.

झुरळांवर उपाय त्याच्या घरात तीन पिढ्यांचा. मैद्याची खळ शिजली की तिच्यात मोरचूद टाकायचा, मोराच्या मानेच्या रंगाचा खडा, कुटून. विषच ते, म्हणून तर कीड लागत नाही. पण त्यात जन्मभर हात बुडवलेल्या माणसाला त्याचं काय वाटणार? हात धुवायचे आणि जेवायला बसायचं. झुरळं ऐकेनात म्हणून बाइंडरनं चिमटीचा मोरचूद मूठभर केला. खळ निळीशार दिसायला लागली.

पुठ्ठी आता उलट्या करू लागली.

"बाबा, हे हिरवं काय?"

"गवत खाल्लं असेल. पोट साफ करायला खातात कुत्री."

मुलीनं फडकं बादलीत टाकलं. "तिला परत देऊन या. तिथं डॉक्टर रोज येतात. इथं आपण दोघं मिळून तिला मारणार."

"जीव आहे तो. परत करायला पावतीपुस्तक नाही."

"म्हणूनच म्हणते. जीव आहे."

तिला परत दिलं की घर पुन्हा मुकं होणार, हे बाइंडरला ठाऊक होतं, पण असलं काही मुलीपुढे बोलायची त्याला सवय कुठली? चार दिवस थांब, एवढंच म्हणाला.

एका दुपारी त्याचा डोळा लागलाच नाही. बाहेरच्या खोलीतून चपचप आवाज आला म्हणून त्यानं पडदा सारला. पुठ्ठी पुढचे पाय टेबलावर ठेवून उभी होती आणि गाय वासराला चाटते तशी एकेका पुस्तकाची पाठ चाटत होती. पट्टी दातांनी उचलायची, खालची खळ साफ करायची, पुढच्या पुस्तकाकडे वळायची.

खरं सांगायचं तर बाइंडरला आधी बरंच वाटलं. म्हणजे झुरळं नव्हती, आणि हातही गेले नव्हते. मग त्याची नजर खळीच्या डब्यावर गेली. निवाऱ्यात तिनं बोटं का चाटली, तेही त्याच वेळी लक्षात आलं. त्यानं डब्यावर झाकण दाबलं. पुठ्ठी शेपटी हलवत त्याच्याजवळ आली. तिचे ओठ निळे होते, डोळे हळदीसारखे पिवळे.

"मोरचूद?" डॉक्टरीणबाईंनी हातातलं काम थांबवलं. "मी विचारलं होतं तुम्हाला, दुसरं काही खाते का."

"खळ आहे हो ती. खायची वस्तू नाही."

बाईंनी पुठ्ठीचा ओठ वर करून पाहिला, पोट चाचपलं. "फार कडू असतं ते. कुत्रं सहसा तोंड लावत नाही. फार भुकेलं असल्याशिवाय." त्या टोमणा मारत नव्हत्या. सुई भरता भरता बोलत होत्या. "यकृत गेलंय. सलाईन लावते. आशा धरू नका."

घरी आणल्यावर बाइंडरनं भात टाकला. मूठभर नाही, पातेलंभर. निववला, कालवला आणि ताटली तिच्या तोंडाशी धरली. उकिरड्यावरचा कागदसुद्धा न सोडणाऱ्या त्या कुत्रीनं तोंड वळवलं. त्यानं बोटावर घेऊन ओठांना लावला. तिनं तो चाटला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या मांडीवर गेली. मुलगी रजा काढून घरीच होती.

"तू म्हणत होतीस तेव्हा दिली असती, तर," बाइंडर म्हणाला.

"हो," मुलगी म्हणाली.

निवाऱ्यात कळवणं भाग होतं. मुलीनं नंबर लावला आणि फोनवर हात ठेवून हळूच म्हणाली, "पोट आधीपासूनच खराब होतं, असं सांगते. अगदीच खोटं नाही ते."

"दे इकडे."

त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. "बाई, मी बाइंडर. पुठ्ठी गेली. पोट तिचं सुधारलं असतं. मी तिला उपाशी ठेवलं आणि विष उघड्यावर ठेवलं. झुरळं समजून ते वाढवलंही."

पलीकडे कुत्री भुंकत होती. मग बाई म्हणाल्या, "काका, हे मला तुमच्या नावापुढे लिहावं लागेल. पुन्हा कधी आलात, तर आम्ही देणार नाही."

"लिहा," बाइंडर म्हणाला.