एवढीशी गाडी आणि पिरंगुटचा घाट

मंडळी, दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

गुडघ्यांमुळे आईला मोटारसायकलवर बसता येत नाही, एसटीच्या पायऱ्याही चढवत नाहीत. घाटापलीकडचं तिचं माहेर सुटल्यासारखंच झालंय. आज पौडच्या स्टँडसमोर एक नवी छोटी गाडी टेस्ट ड्राइव्हला आली होती.

"ही काडेपेटी चौघांना घिऊन घाट चढंल व्हय?" माझ्या वडिलांनी, आप्पांनी, विचारलं.

"बसा तर, काका!" सेल्समन हसला.

आईने गाडीला नमस्कार केला, चपला रस्त्यावर काढल्या आणि पुढे बसली. घरात पदवी पहिली माझीच आणि लायसनही, म्हणून चालवायला मी. आईच्या चपला पौडलाच राहिल्याचं पिरंगुटला कळलं!

घाटात मी श्वास रोखून दुसरा गिअर टाकला.

"थांबली तर मी ढकलतो गं," मागून आप्पा.

थांबलीच नाही. न धापा टाकता माथ्यावर पोचली, आणि पेट्रोलचा काटा जागचा हललासुद्धा नव्हता.

आप्पा उतरून गाडीभोवती फिरले. टपावर हात ठेवून आईला म्हणाले, "चल, तुझ्या माहेरला जाऊन यिऊ."

"काका, गाडी परत न्यायचीय!" सेल्समन ओरडला. आई पदरात तोंड लपवून हसत होती.

एवढंसं यंत्र, पण त्यात केवढं मावेल असं कुणीतरी बनवलंय! तुमच्या घरच्या पहिल्या गाडीत पुढे कोण बसलं होतं?