त्याचा लॉगिन, माझे हात

माझं काम संपलं की आमचे सीनिअर अमेयसर ड्रॉवरमधून ओल्या टिश्यूंचं पाकीट काढायचे आणि कीबोर्ड पुसायचे. माझ्यासमोर. मी खुर्चीतून उठून धड बाजूलाही झालेली नसायचे. एकेक बटण पुसायचे, मग माउस पुसायचे. टिश्यू डब्यात टाकायचे आणि मगच खुर्चीत बसायचे.

पहिल्यांदा मी हसूनच म्हणाले, "सर, हात धुतलेत मी."

"अगं तसं काही नाही. कोविडपासून सवय लागलीय मला."

सवय. बरं, असते एकेकाला. पण आमच्या टीममधला निखिल, माझ्यासारखाच कंत्राटावरचा, त्याच खुर्चीत बसायचा. वडापाव खाल्लेल्या हातांनी त्याच कीबोर्डवर काम करायचा. तो उठला की सर तसेच टेकायचे. टिश्यू नाही, काही नाही. खुर्चीतून कोण उठलंय ते कोविडला बरोबर कळायचं.

मी कोण ते सरांना कसं कळलं तेही सांगते. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अंधेरीच्या त्या ऑफिसच्या कँटीनमध्ये त्यांनी विचारलं, "राहतेस कुठे?"

"घाटकोपर."

"ईस्ट की वेस्ट?"

"वेस्ट."

"वेस्टला नेमकं कुठे?"

डोंगरावर राहतो, म्हटलं. मग मूळ गाव विचारलं. रत्नागिरीकडचं म्हटल्यावर सर खूश झाले. "अरे वा, आम्हीपण तिकडचेच. गावात कुठली वाडी तुमची?"

"बौद्धवाडी, सर."

"अच्छा, अच्छा," म्हणाले आणि चहा उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. कोकणातल्या माणसाने वाडी विचारली की त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. टिश्यूचं पाकीट त्यानंतर आलं.

आता मी त्यांच्या खुर्चीत बसायचे कशाला, ते. आमची कंपनी मुलुंडच्या एका हॉस्पिटलची आयडेंटिटी सर्व्हिस सांभाळते. नाव मोठं आहे, काम सोपं आहे. डॉक्टर, नर्स, लॅबवाले, बिलिंगवाले, सगळे सकाळी आपापला पासवर्ड टाकतात. ही सर्व्हिस डेटाबेसला विचारते, हा माणूस खरंच तोच आहे का, आणि मग त्याला आत घेते. हॉस्पिटलात कोण कोण आहे, कुणाला काय दिसावं, सगळं तिथे ठरतं. ते सगळे लॉगिन मी बनवलेत. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कूपन देणाऱ्या माणसालासुद्धा स्वतःचा लॉगिन होता.

मला नव्हता. कंत्राटावरच्या माणसाला हॉस्पिटलच्या चालू सर्व्हरचा लॉगिन द्यायचा नाही, असा नियम. पण काम करणारे बहुतेक कंत्राटावरचे. मग यावर रीत ठरलेली. पर्मनंट माणूस स्वतःच्या नावाने लॉगिन करतो आणि उठतो. कंत्राटी माणूस त्या खुर्चीत बसतो आणि काम करतो. आत नोंद होते, हे अमेयने केलं. काम झकास झालं की तीच नोंद दाखवून अमेयचं कौतुक होतं. सगळ्यांना माहीत, सगळे गप्प. मीसुद्धा गप्पच होते. पर्मनंट व्हायचं होतं मला. पुढच्या महिन्यात माझी फाइल वर जाणार, असं आमच्या मॅनेजर वैशालीमॅडम सांगत होत्या.

एका शनिवारी दुपारी मोठं काम निघालं. हॉस्पिटलने डेटाबेस नवा घेतला होता. सर्व्हिस आणि डेटाबेस एकमेकांशी बोलतात ते ड्रायव्हर नावाच्या एका छोट्या फाइलमधून. जुन्या ड्रायव्हरला नव्या डेटाबेसची पासवर्ड तपासायची पद्धत कळत नव्हती. म्हणून नवा ड्रायव्हर टाकायचा, सेटिंगमध्ये नव्या डेटाबेसचा पत्ता लिहायचा, सर्व्हिस बंद करून चालू करायची. सरांनी लॉगिन केलं, उठले, माझ्यामागे उभे राहिले. मी बसले.

नवी फाइल मी फोल्डरमध्ये टाकली. जुनी काढायला गेले.

"डिलीट नको करू," सर मागून म्हणाले. "नावापुढे ओल्ड लाव आणि राहू दे तिथेच. लागली तर असावी."

हीदेखील आमच्याकडची रीत. चालू सर्व्हरवरचं कुणी काही फेकत नाही. न जाणो, उद्या अंगाशी यायचं. सगळे फोल्डर असल्या ओल्ड आणि बॅकअप-फायनलने भरलेले. नावापुढे ओल्ड लावलं की ती फाइल मेली, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. मीही. सर्व्हिसला त्या नावाशी काही घेणंदेणं नाही, फोल्डरमध्ये आधी दिसेल तो ड्रायव्हर ती उचलणार, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना माझ्या.

त्या दिवशी तिने नवा उचलला. लॉगिन सुरू झाले. हॉस्पिटलचे आयटीचे साहेब फोनवर म्हणाले, "वेल डन, अमेय." सर म्हणाले, "थँक यू, थँक यू, बराच वेळ बसावं लागलं." बसले होते ते कुठे, देव जाणे. फोन ठेवला आणि पाकीट काढून कीबोर्ड पुसला.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलचे सर्व्हर नेहमीप्रमाणे बंद करून चालू केले. या वेळी सर्व्हिसने जुना ड्रायव्हर उचलला. डेटाबेसने तोंडावर दार लावलं. कुणाचाच पासवर्ड चालेना. बाहेर ओपीडीची रांग लागलेली आणि आत नर्सला लॅबचा रिपोर्ट दिसेना. एका म्हाताऱ्या पेशंटचं ऑपरेशन रिपोर्ट नाही म्हणून पुढे ढकलावं लागलं. ते ऐकलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. आजही आठवलं की बरं वाटत नाही.

सर्व्हरने लिहून ठेवलेल्या एरर निखिलने वाचल्या. "अगं, हा तर जुना ड्रायव्हर घेतोय," तो म्हणाला. आम्ही ती फाइल तिथून काढली, सर्व्हिस पुन्हा चालू केली. हॉस्पिटल सुरू झालं.

मग मीटिंग रूममध्ये स्पीकरवर फोन लागला. टेबलाच्या एका बाजूला सर आणि मॅडम. समोर मी आणि निखिल.

"हे केलं कुणी?" आयटीच्या साहेबांनी विचारलं.

शनिवारी केलं होतं अमेयने. सोमवारी सर म्हणाले, "टाइप त्या मुलीने केलंय साहेब. कॉन्ट्रॅक्टवरची आहे. काय आहे ना, हल्ली हे कोट्याचं पब्लिक येतं. बेसिकच कच्चं असतं."

तिकडून हसल्याचा आवाज आला. मॅडम पेनचं टोपण काढ-घाल करत राहिल्या. निखिलने मोबाइल बघायला घेतला. मी समोरच बसले होते. कान लाल झाले. बोलायला तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटलं म्हणून दात आवळून बसून राहिले.

कोटा कसला? ही खासगी कंपनी. इथे कुठला कोटा असतो? निखिल आणि मी एकाच दिवशी, एकच परीक्षा देऊन, एकाच ठेकेदाराकडून आलो. निखिल टॅलेंट आणि मी कोटा? आणि सरकारी पॉलिटेक्निकमध्ये गेले मी आरक्षणातून. हो, गेले. हक्काने गेले आणि पास होऊन बाहेर आले. त्याची लाज मला वाटत नाही. करून सवरून नामानिराळा राहणाऱ्याला वाटायला हवी. फाइल ठेवायला सांगणारं तोंड त्याचं, लॉगिन त्याचा, नाव त्याचं. खापर फोडायची वेळ आली तेव्हा त्याला माझे हात आठवले. आणि माझ्या हातांपाशीही तो थांबला नाही. थेट माझ्या वाडीपर्यंत गेला.

संध्याकाळी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे बघ, तू मला मुलीसारखी आहेस. शुक्रवारी क्लायंटबरोबर रिव्ह्यू आहे. दोन मिनिटं बोलायचं. चूक माझी, सॉरी. संपला विषय."

"मॅडम, एकटीची नाहीये चूक."

"माहितेय गं मला. पण अमेयचं नाव पुढे आलं तर हॉस्पिटल आपल्याला काढेल. त्यांना कुणीतरी सॉरी म्हणणारं हवंय. तुझी पर्मनंटची फाइल माझ्याच टेबलावर आहे ना? मग?"

"आणि सर मला बोलले ते?"

"तो बोलतो तसा. मनात काही नसतं गं त्याच्या."

मनात नसतं ते बरोबर तोंडात कसं येतं, हे मला मॅडमना विचारायचं होतं. विचारलं नाही. पर्मनंट हा शब्द कानात होता.

घरी सांगितलं. पप्पा मुलुंडच्या एका कारखान्यात टेम्पररी म्हणून लागले होते. कारखाना बंद पडला तेव्हाही टेम्पररीच होते. ते म्हणाले, "म्हण सॉरी. शब्दाला काय लागतं? आधी पर्मनंट हो, मग काय भांडायचं ते भांड. आपल्याला आत्ता बोलून परवडत नाय, पोरी."

"पप्पा, तुम्ही किती वेळा म्हणालात सॉरी?"

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आई आतून म्हणाली, "ह्यांका नको विचारू. ह्यांनी जन्मभर तेवढाच केला."

मला पप्पांचा राग आला, आणि राग आला म्हणून वाईटही वाटलं. त्यांनी वाकून वाकून आम्हाला शिकवलं, हे मला कळतं. पण मी शिकले ती पुन्हा वाकायला का? चार दिवस हाच प्रश्न डोक्यात होता. जेवण जात नव्हतं. तरीही खरं सांगते, शुक्रवारी मी ऑफिसला निघाले ती सॉरी म्हणायचं ठरवूनच. वाक्य पाठ करून गेले होते.

रिव्ह्यू सुरू झाला. स्क्रीनवर हॉस्पिटलची माणसं, मध्ये सोमवारी हसलेले आयटीचे साहेब. मॅडम म्हणाल्या, "आमच्या टीममेंबरला काही बोलायचंय." मी खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात सर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "शुद्ध बोल जरा. तुमच्याकडचं नको."

पाठ केलेलं वाक्य गेलं. कुठे गेलं, माहीत नाही.

मी बोलले ते असं. "हॉस्पिटलमधल्या पेशंटांना त्रास झाला. त्यांची मी माफी मागते. पण चूक माझ्या एकटीची नाही. लॉगिन सरांचा होता. जुनी फाइल ठेवायला सरांनी सांगितलं. टाइप मी केलं. आम्हाला दोघांनाही कळलं नाही. आणि सोमवारी सर मला कोट्याचं पब्लिक म्हणाले, तेव्हा साहेब, तुम्ही हसलात. त्याची माफी मला पाहिजे. सरांकडून आणि तुमच्याकडून. आत्ता."

 शब्द गिळला नाही मी एकही.

 तिकडून कुणीतरी म्हणालं, "हे आपण ऑफलाइन घेऊ या," आणि स्क्रीन काळी झाली.

सर अंगावर आले. "तुझ्यासाठी मी काय काय केलं, आणि तू सगळ्यांसमोर?"

"तुम्हीपण सगळ्यांसमोरच बोलला होतात, सर."

"वाट लावलीस स्वतःची," मॅडम म्हणाल्या. खरोखर वाईट वाटल्यासारखं म्हणाल्या. त्याच दिवशी ठेकेदाराचा फोन आला, सोमवारपासून येऊ नको. पर्मनंटची फाइल गेली. सर आहेत तिथेच आहेत.

रात्री निखिलचा मेसेज आला. "कडक बोललीस यार." मी लिहिलं, "तू का नाही बोललास?" त्याने नुसतं वाचलं.  असल्या गुपचूप शाबासकीचं मी काय लोणचं घालू?

कंपनीकडे मी लेखी तक्रार केली आहे. कीबोर्ड कसा पुसला, वाडी कशी विचारली, फोनवर काय म्हणाले, कोण हसलं, सगळं लिहिलंय. दाबून टाकतील, मला माहीत आहे. त्यांनी दाबलं की मी कोर्टाची पायरी चढणार. साक्षीला निखिलला बोलावणार, मॅडमना बोलावणार. तिथे त्यांना मोबाइल बघता येणार नाही.

मध्ये गोरेगावला एक मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? सोडली नाही, काढलं, म्हटलं. का काढलं तेही सांगितलं. मग म्हणाले, आमच्याकडेही चालू सर्व्हरवर सीनिअरच्याच लॉगिनवर बसावं लागेल. मी म्हटलं, मग मला नको. घरी कळल्यावर पप्पा माझ्याशी बोलेनासे झालेत. आई बोलते, पण तिलाही काळजी आहे. मलाही आहे. घर चालायला हवं, नोकरी हवी. ती मी शोधेन, स्वतःच्या नावाने करेन, चुकले तर स्वतःच्या नावाने चुकेन.

पण सॉरी नाही. आमच्या घराच्या वाटणीच्या सगळ्या माफ्या पप्पांनी मागून झाल्या आहेत. एकही शिल्लक नाही. आता मला घ्यायची आहे. अमेयच्या तोंडून, चारचौघांत, मोठ्या आवाजात. ती घेतल्याशिवाय मी त्याला सोडणार नाही.