इस्त्रीवालीने भरलेले हप्ते

१४ मार्च. मंजूर रक्कम २,४०,००० रुपये.

गोदामात क्रेन चालवणाऱ्या एका माणसाचा उजवा हात चिरडला होता. त्याच्या अपघात विम्याची ही रक्कम. या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण पॉलिसीचा क्रमांक ओळखीचा होता. आमची शाखा लहान, सकाळी हप्ते घ्यायचे आणि दुपारी दावे पाहायचे. या पॉलिसीचा तिमाही हप्ता नऊ वर्षं माझ्याच खिडकीवर येत होता, आणि तो भरणारी त्याची बायको होती. म्हणजे पूर्वीची बायको.

ती एका दवाखान्याच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. दिवसभर वाफेत उभं राहून तिच्या हातांची कातडी कायम गुलाबी आणि चकचकीत असते. हप्त्याचे सहाशे पंधरा रुपये ती घडी घातलेल्या रुमालात आणायची, आणि त्या नोटासुद्धा इस्त्री केल्यासारख्या सरळ असायच्या. एकदा मी तसं म्हणालो, तर तिने सांगितलं, “खरंच करते. चुरगळलेली नोट दिली की लोक माणूसही चुरगळलेलं समजतात.”

ज्या नवऱ्याने तिला सोडलं त्याचे हप्ते ती का भरते, हे मी दोन वर्षं विचारलं नव्हतं. शेवटी तिनेच सांगितलं. वारस म्हणून पॉलिसीवर मुलीचं नाव होतं. कोर्टाने मुलीसाठी महिना अडीच हजार ठरवून दिले होते. क्रेनवाल्याने ते सत्तावीस महिने दिले आणि मग हात वर केले. “जिवंतपणी तर देत नाही, निदान मेल्यावर तरी पोरीला काही मिळेल,” असा तिचा हिशेब होता. बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच तो हिशेब ओंगळ वाटला असावा, कारण रुमाल झटकून ती लगेच निघून गेली.

तो मेला नाही. हात निकामी झाला, आणि पैसे त्याच्या नावावर निघाले.

आमच्याकडे नियम आहे. मोठी रक्कम देण्याआधी नाव कोर्टाच्या यादीशी ताडून पाहायचं. मुलांचा खर्च थकवणाऱ्यांची ती यादी दर महिन्याला येते. नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख ही तिन्ही जुळली तर आधी दवाखान्याचं बिल, मग मुलाची थकबाकी, आणि उरलं तर माणसाचं. मी नाव घातलं. जुळलं नाही. पुन्हा घातलं. नाव जुळत होतं, वडील जुळत होते, जन्मतारखेत दोन वर्षांचा फरक होता. त्या नावाची माणसं यादीत चार होती. न जुळल्यास पाचव्या दिवशी धनादेश द्यायचा, असंही नियम सांगतो. माझी वैयक्तिक माहिती हा पुरावा नाही. आणि दाव्याबद्दल तिऱ्हाइताला सांगणं ही शिस्तभंगाची बाब आहे.

दुसऱ्या दिवशी ती हप्ता भरायला आली. मुलीला प्रयोगशाळेच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली होती आणि अठ्ठावीस तारखेच्या आत पंच्याऐंशी हजार भरायचे होते. लाँड्रीच्या मालकाने वीस देतो म्हटलं होतं. पुढचं तिला सुचत नव्हतं.

मी पावती छापली. हप्ता भरणाऱ्याला पावती मिळते, आणि पावतीच्या तळाशी पॉलिसीची स्थिती आपोआप छापली जाते. एरवी ती ओळ कोणी वाचत नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘दावा मंजूर. यादीत नोंद नाही.’

तिने ती दोनदा वाचली. मग विचारलं, “नोंद कशी नाही? मी तर त्यांची जन्मतारीखसुद्धा लिहून दिली होती.”

तिथेच घोटाळा होता. कोर्टात तिने त्याची खरी जन्मतारीख दिली होती, सासूने सांगितलेली. पण क्रेनवाल्याने लायसन्स लवकर मिळावं म्हणून सोळाव्या वर्षीच वय वाढवून घेतलं होतं, आणि पुढचे सगळे कागद त्याच वाढीव वयाचे होते. परकी बाई असती तर कागद पाहून तारीख लिहिली असती. ही बायको होती, म्हणून चुकली.

दोन्ही तारखांचा माणूस एकच, हे दाखवणारा कागद हवा होता. तो तिच्याच पेटीत निघाला. हप्ते ती भरत असल्यामुळे मूळ पॉलिसी तिच्याकडे होती. त्यावर त्याची कागदोपत्री तारीख, आणि खाली वारस म्हणून मुलीचं नाव होतं. तीन दिवस अर्धा पगार कापून घेऊन ती कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली आणि चौथ्या दिवशी दुरुस्तीचा आदेश आला.

पाचव्या दिवशी क्रेनवाला धनादेश घ्यायला आला. हात खांद्यापर्यंत पांढऱ्या पट्टीत, दाढी एका बाजूला वेडीवाकडी, डाव्या हाताने केलेली. ती बाकावर बसली होती. मी त्याला आकडे सांगितले. दवाखान्याचे ३८,५०० वजा जाऊन २,०१,५०० उरतात. थकबाकी एक्याऐंशी महिन्यांची, २,०२,५००.

त्याला समजायला वेळ लागला. हप्ते कंपनी पगारातून कापते असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता. तिच्याकडे वळून त्याने विचारलं, “तू भरत होतीस?”

“मग काय पॉलिसी वाऱ्यावर चालली होती?”

तो तिच्या शेजारी बसला, मधे एका माणसाची जागा ठेवून. आणखी एक शस्त्रक्रिया केली तर दोन बोटं हलतील, असं डॉक्टर म्हणत होते. त्याला ऐंशी हजार लागणार होते. डावखुऱ्याला क्रेनवर कोण घेतं, असं तो जमिनीकडे पाहत म्हणाला. “मुलीचं मी नाही म्हणत नाही, पण अर्धे सोड.”

तिच्या लेखी संमतीने वसुली कमी करता येते. नियमाप्रमाणे हे सांगणं माझं काम होतं, म्हणून मी सांगितलं आणि अर्ज पुढे ठेवला. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं अजूनही वाटतं. तिने पेन घेतलं. बराच वेळ ती त्याच्या पट्टीकडे पाहत होती. पट्टीची कड सुटली होती. तिने सवयीने ती आत खोचली.

मग पेन माझ्याकडे परत केलं आणि त्याला म्हणाली,

“अहो, मी पोरीला अर्धीच वाढवली असती तर अर्धे सोडले असते.”

तो उठला. दाराशी जाऊन थांबला आणि खरी तारीख तुला कुणी सांगितली, एवढंच त्याने विचारलं.

“तुमच्या आईने.”

त्याने मान हलवली. दार उजवीकडे उघडतं. ते डाव्या हाताने ओढायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. ती उठली नाही. तो गेल्यावर मात्र तिने रुमाल तोंडाला लावला, आणि मी कपाटातली फाइल शोधत राहिलो, जी टेबलावरच होती.

मुलीची फी सव्वीस तारखेला भरली गेली. शस्त्रक्रियेचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. जूनमध्ये ती पुन्हा आली, रुमालातून सहाशे पंधरा काढून तिने खिडकीत ठेवले. मी काही विचारलं नाही, पावती दिली.

क्रेनवाल्याकडून येणे बाकी १,००० रुपये.